छोट्या, स्वस्त गेम कन्सोलची अटकळ : ‘स्विच लाइट’चा अनुभव आणि पुढील प्रश्न

निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपल्या ‘स्विच’ या गेम कन्सोलची लहान आणि स्वस्त आवृत्ती २० सप्टेंबर २०१९ रोजी बाजारात आणली. ‘स्विच लाइट’ या नावाच्या या यंत्राची अधिकृत घोषणा १० जुलै २०१९ रोजी झाली. परंतु त्याच्या आकाराविषयी, किमतीविषयी आणि त्यातून वगळल्या जाणाऱ्या सोयींविषयी अनेक महिने आधीपासून तर्क लढवले जात होते. त्यांपैकी काही अंदाज बरोबर ठरले, तर काही साफ चुकले. ‘स्विच २’ हा पुढचा कन्सोल ५ जून २०२५ रोजी विक्रीस आल्यानंतर त्याच्याही छोट्या आवृत्तीविषयी तशीच चर्चा सुरू झाली. अशा अटकळींमध्ये कशाला महत्त्व द्यावे आणि कशाला देऊ नये, हे समजून घेण्यासाठी २०१९ चा अनुभव उपयुक्त आहे.

मूळ ‘स्विच’ची रचना

‘स्विच’ ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आला. त्याच्या आधीचा ‘वी यू’ हा कन्सोल अपयशी ठरला होता. त्याची एकूण विक्री सुमारे १ कोटी ३५ लाखांवरच थांबली. घरात टीव्हीला जोडायचे यंत्र वेगळे आणि प्रवासात हातात धरून खेळायचे यंत्र वेगळे, अशी निन्टेन्डोची तोवरची पद्धत होती. ‘स्विच’मध्ये ही दोन्ही कामे एकाच यंत्राकडे सोपवण्यात आली. ६.२ इंची पडद्याच्या दोन्ही बाजूंना ‘जॉय-कॉन’ नावाचे, काढता-घालता येणारे दोन कंट्रोलर होते. यंत्र ‘डॉक’मध्ये ठेवताच चित्र टीव्हीवर दिसू लागे आणि तेथून उचलताच खेळ हातातील पडद्यावर पुढे चालू राही. अमेरिकेत त्याची किंमत २९९.९९ डॉलर ठेवण्यात आली होती.

याच काळात २०११ पासून विकला जाणारा ‘थ्रीडीएस’ हा हातात धरण्याचा कन्सोलही बाजारात होता. त्याच मालिकेतील ‘न्यू टूडीएस एक्सएल’ हे यंत्र अमेरिकेत १४९.९९ डॉलरना मिळत असे. म्हणजे लहान मुलासाठी पहिले खेळयंत्र घेऊ पाहणाऱ्या पालकांसमोर कमी किमतीचे, पण जुन्या तंत्राचे एक यंत्र आणि त्याच्या दुप्पट किमतीचे दुसरे, असे दोनच पर्याय होते. ही दरी भरून काढणारे यंत्र कंपनी कधी ना कधी आणणार, हा तर्क त्यामुळे निराधार नव्हता. नव्या गेम जसजशा केवळ ‘स्विच’साठी तयार होऊ लागल्या, तसतशी ही गरज अधिकच स्पष्ट होत गेली.

बातम्यांचा क्रम

फेब्रुवारी २०१९ च्या सुरुवातीला ‘निक्केई’ या जपानी दैनिकाने लहान आकाराच्या ‘स्विच’चे वृत्त दिले. काही सोयी कमी करून घराबाहेर नेण्यास सुलभ असे यंत्र आणण्याचा कंपनीचा विचार असल्याचे त्यात म्हटले होते. त्याच सुमारास निन्टेन्डोने आर्थिक वर्षासाठीचा ‘स्विच’ विक्रीचा अंदाज २ कोटींवरून १ कोटी ७० लाखांवर आणला होता. त्यामुळे या वृत्ताला गुंतवणूकदारांच्या दृष्टीनेही महत्त्व आले.

मार्चच्या अखेरीस ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने एक नव्हे तर दोन नवी यंत्रे येणार असल्याचे वृत्त दिले. त्यांपैकी एक हौशी खेळाडूंसाठी अधिक सोयींनी युक्त आणि दुसरे अधूनमधून खेळणाऱ्यांसाठी स्वस्त असेल, तसेच स्वस्त यंत्रातून कंट्रोलरची कंपनाची सोय काढली जाण्याची शक्यता आहे, असे त्यात नमूद होते. एप्रिलमध्ये ‘ब्लूमबर्ग’ या वृत्तसंस्थेने स्वस्त यंत्र जूनअखेरपर्यंत येण्याची शक्यता वर्तवली. त्याबरोबर विद्यमान यंत्रात किरकोळ सुधारणा होईल, मात्र अधिक शक्तिशाली यंत्र तूर्त येणार नाही, असेही तिने सांगितले.

कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी याच महिन्यात आपली भूमिका स्पष्ट केली. नव्या यंत्रांवर काम सातत्याने चालूच असते, ती विकण्याजोगी झाल्यावर जाहीर केली जातात. मात्र जूनमधील ‘ई३’ या प्रदर्शनात तशी घोषणा होणार नाही, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. काहींनी याला नकार मानले. वस्तुतः हा नकार केवळ एका प्रदर्शनापुरता होता आणि तो शब्दशः पाळला गेला. प्रदर्शन जूनमध्ये पार पडले आणि घोषणा जुलैमध्ये झाली.

नवीन यंत्राबाबत कंपन्या शेवटपर्यंत मौन पाळतात, यामागे व्यावहारिक कारण असते. पुढचे यंत्र येत असल्याचे कळताच ग्राहक आजची खरेदी पुढे ढकलतात. १९८३ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या ऑस्बोर्न या अमेरिकी संगणक कंपनीचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. पुढचे संगणक वेळेआधीच जाहीर केल्याने तिच्या हाती असलेल्या संगणकांची विक्री थंडावली, असे सांगितले जाते. स्वस्त आवृत्तीच्या बाबतीत ही जोखीम अधिकच वाढते, कारण वाट पाहणाऱ्या ग्राहकाला केवळ नवीन वस्तू मिळणार नसते, तर त्याचे पैसेही वाचणार असतात.

अंदाज आणि वास्तव

प्रत्यक्षात आलेल्या ‘स्विच लाइट’ची किंमत अमेरिकेत १९९.९९ डॉलर, म्हणजे मूळ यंत्रापेक्षा एक तृतीयांशाने कमी होती. पडदा ६.२ इंचांवरून ५.५ इंचांवर आला. जॉय-कॉनसह सुमारे ४०० ग्रॅम वजनाच्या मूळ यंत्रापुढे नव्या यंत्राचे वजन सुमारे २७५ ग्रॅम भरले. लांबी २३९ मिलिमीटरवरून २०८ मिलिमीटरवर आली. पडद्यावरील बिंदूंची संख्या मात्र १२८० गुणिले ७२० अशी पूर्वीइतकीच राहिली.

कंट्रोलर यंत्रातच कायमचे बसवण्यात आले. कंपनाची सोय, जॉय-कॉनमधील अवरक्त कॅमेरा, टेबलावर उभे करण्यासाठीचा मागचा आधार आणि भोवतालच्या उजेडानुसार पडद्याची उजळता बदलणारा संवेदक, हे सारे वगळण्यात आले. सर्वांत मोठा बदल म्हणजे टीव्हीला जोडण्याची सोयच काढण्यात आली. सोबत डॉक तर नव्हताच, पण वेगळा डॉक विकत घेऊनही चित्र टीव्हीवर आणता येत नव्हते. त्याबदल्यात डाव्या बाजूला चार सुट्या बटणांऐवजी जुन्या पद्धतीचे, एकसंध अधिक-चिन्हाच्या आकाराचे बटण आले. हा एक छोटा, पण खेळणाऱ्यांना मनापासून आवडलेला बदल होता.

लहान आकार, कंपनाचा अभाव आणि हातात धरून खेळण्यावरील भर, हे अंदाज खरे ठरले. जूनअखेरचा मुहूर्त चुकला. किरकोळ सुधारणेचा अंदाजही खरा ठरला : ऑगस्ट २०१९ पासून मूळ ‘स्विच’ अधिक काळ टिकणाऱ्या बॅटरीक्षमतेसह मिळू लागला. अधिक सोयींनी युक्त अशा दुसऱ्या यंत्राबाबत मात्र बराच काळ निराशा झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ३४९.९९ डॉलर किमतीचे ‘ओलेड’ पडद्याचे यंत्र आले खरे. पण त्यात पडदा उत्तम असला, तरी गणनशक्ती वाढलेली नव्हती. एकंदरीत, काय कमी होणार याविषयीच्या बातम्या अधिक भरवशाच्या ठरल्या आणि काय वाढणार याविषयीच्या बातम्यांत इच्छेचा भाग मोठा होता, असे दिसून आले.

शंभर डॉलर कोठून वाचले ?

स्वस्त आवृत्ती म्हणजे कमी दर्जाची चिप, असा सर्वसाधारण समज असतो. गेम कन्सोलच्या बाबतीत तसे करणे जवळजवळ अशक्य असते. त्या यंत्रासाठी आधीच विकली गेलेली प्रत्येक गेम नव्या आवृत्तीवरही त्याच गतीने चालावी लागते, अन्यथा ती त्या कन्सोलची आवृत्ती राहत नाही. त्यामुळे बचत चिपच्या क्षमतेत नव्हे, तर तिच्या भोवतालच्या गोष्टींत शोधावी लागते.

‘लाइट’मध्ये अशी बचत अनेक ठिकाणी झाली. प्रत्येक जॉय-कॉनमध्ये स्वतंत्र बॅटरी, बिनतारी जोडणीचे परिपथ आणि कंपन निर्माण करणारी यंत्रणा होती. कंट्रोलर यंत्रातच बसवल्याने स्वतंत्र बॅटऱ्यांची गरज उरली नाही आणि दोन्ही बाजूंचे सरकपट्टीचे जोडही गेले. डॉक, त्याच्यासोबतची टीव्हीची तार आणि जॉय-कॉन बसवण्याची मूठ खोक्यातून वगळली गेली. पडदाही लहान झाला.

तथापि, हे सर्व ज्यामुळे शक्य झाले तो बदल बाहेरून दिसत नव्हता. मूळ ‘स्विच’मधील एनव्हिडिया कंपनीची ‘टेग्रा एक्स१’ ही चिप २० नॅनोमीटर प्रक्रियेने बनत असे. २०१९ मध्ये तीच चिप १६ नॅनोमीटर प्रक्रियेने बनू लागली. क्षमता तीच, पण विजेचा वापर आणि उष्णता कमी, असा त्याचा परिणाम झाला. उष्णता कमी झाल्याने यंत्र लहान करता आले आणि वीज कमी लागू लागल्याने बॅटरीही लहान चालली. मूळ यंत्रातील बॅटरी ४,३१० मिलिअँपिअर-तास क्षमतेची, तर ‘लाइट’मधील ३,५७० क्षमतेची होती. तरीही खेळण्याचा अवधी मूळ यंत्राच्या अडीच ते साडेसहा तासांवरून तीन ते सात तासांपर्यंत वाढला. हीच नवी चिप मोठ्या बॅटरीसह मूळ आकाराच्या यंत्रात बसवली गेली, तेव्हा तो अवधी साडेचार ते नऊ तासांपर्यंत पोहोचला.

यावरून छोटी आवृत्ती केव्हा येईल, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळते. आतील चिप कमी विजेवर चालणाऱ्या प्रक्रियेत बनू लागेपर्यंत लहान यंत्र बनवणे म्हणजे एक तर ते तापू देणे किंवा तास-दीड तासात बॅटरी संपू देणे होय. ‘स्विच’च्या बाबतीत या टप्प्यावर येण्यास अडीच वर्षे लागली.

वगळण्याचा इतिहास

छोट्या आवृत्त्यांची परंपरा जुनी आहे. निन्टेन्डोचा ‘गेम बॉय’ १९८९ मध्ये आला. अटारी कंपनीचा ‘लिंक्स’ आणि सेगा कंपनीचा ‘गेम गिअर’ या त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना रंगीत पडदा होता, ‘गेम बॉय’ला नव्हता. रुळलेले, स्वस्त तंत्रज्ञान नव्या कल्पकतेने वापरावे, हे त्याचे शिल्पकार गुनपेई योकोई यांचे तत्त्व होते. रंग सोडल्यामुळे चार सेलांवर यंत्र कित्येक तास चालत असे आणि बाजारातही तेच टिकले. १९९६ मध्ये आलेल्या ‘गेम बॉय पॉकेट’ने आकार आणखी कमी केला, चार सेलांऐवजी दोन छोट्या सेलांवर काम भागवले आणि जुनी सर्व कार्ट्रिज चालू ठेवली. ग्राहकाला त्यात काहीही गमवावे लागले नाही.

२००५ मधील ‘गेम बॉय मायक्रो’ची कथा याच्या उलट आहे. हे यंत्र तळहातात सहज मावणारे आणि दिसायला देखणे होते. पण मूळ ‘गेम बॉय’ आणि ‘गेम बॉय कलर’ यांची कार्ट्रिज त्यात चालत नव्हती. शिवाय, त्याआधीच आलेल्या ‘निन्टेन्डो डीएस’कडे ग्राहकांचे लक्ष वळले होते. ‘मायक्रो’ची विक्री २५ लाखांपर्यंतही पोहोचली नाही.

सोनी कंपनीने १ ऑक्टोबर २००९ रोजी आणलेल्या ‘पीएसपी गो’मधून ‘यूएमडी’ तबकडीचा खण काढून टाकण्यात आला. यंत्र लहान आणि हलके झाले. मात्र ग्राहकांकडे आधीपासून असलेल्या तबकड्या त्यात निरुपयोगी ठरल्या. त्यातच अमेरिकेत त्याची किंमत २४९.९९ डॉलर होती आणि तबकड्या चालवणारे ‘पीएसपी-३०००’ १६९.९९ डॉलरना मिळत होते. सोयी कमी आणि किंमत जास्त, हा व्यवहार ग्राहकांनी नाकारला. २०११ मध्ये सोनीने युरोपात ९९ युरो किमतीचे ‘पीएसपी ई-१०००’ आणताना वेगळा मार्ग धरला. त्यात वाय-फाय नव्हते आणि एकच स्पीकर होता. पण तबकडीचा खण कायम होता.

निन्टेन्डोनेही २०१३ मध्ये ‘टूडीएस’ आणताना हाच धडा पाळला. ‘थ्रीडीएस’ची ओळख असलेले त्रिमिती चित्र आणि यंत्र दुमडण्याची बिजागरी, या दोन्ही गोष्टी वगळून १२९.९९ डॉलरचे यंत्र तयार झाले. सहा वर्षे व त्याखालील मुलांनी त्रिमिती चित्र पाहू नये, अशी सूचना कंपनी आधीपासून देत होती. त्यामुळे ज्या लहान मुलांसाठी हे यंत्र होते, त्यांच्यासाठी त्या सोयीचा उपयोगच नव्हता. गेम मात्र सर्व चालत होत्या.

या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या सोयीवाचून ग्राहकाचे अडत नाही, ती वगळल्यास स्वस्त आवृत्ती तग धरते. ग्राहकाने आधी विकत घेतलेल्या गेम निकामी करणारी आवृत्ती कितीही देखणी असली तरी टिकत नाही.

कोणाचा लाभ, कोणाची अडचण

‘लाइट’ने पहिल्या कसोटीत यश मिळवले. बाजारात आल्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच्या अवघ्या अकरा दिवसांत १९ लाख ५० हजार यंत्रांची विक्री झाली आणि पुढे एकूण विक्री २ कोटींच्या पलीकडे गेली. ‘स्विच’ मालिकेच्या १५ कोटींहून अधिक विक्रीत हा वाटा लहान नाही. ज्या घरात एक ‘स्विच’ आहे, त्या घरातील दुसऱ्या मुलासाठी हे यंत्र घेतले जाऊ लागले. मार्च २०२० मध्ये आलेल्या ‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ या गेममध्ये एका यंत्रावर एकच बेट वसवता येते आणि घरातील सर्वांना ते वाटून घ्यावे लागते. भावंडांपैकी प्रत्येकाला स्वतःचे बेट हवे असेल, तर दुसरे यंत्र घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मात्र वगळलेल्या सोयींची किंमत काही घरांना नंतर मोजावी लागली. ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’ या व्यायामाच्या गेमला सुटे जॉय-कॉन लागतात. अमेरिकेत त्यांची जोडी ७९.९९ डॉलरना मिळत असे आणि ‘लाइट’वर ते चार्ज करण्याची सोय नसल्याने त्याची वेगळी तजवीज करावी लागे. अशा गेम खेळायच्या असतील, तर वाचलेल्या शंभर डॉलरांपैकी जवळपास सर्व रक्कम खर्च होत असे.

दुरुस्तीचा प्रश्न याहून गंभीर होता. बोट न लावताही कंट्रोलरची दांडी हलल्याचे संकेत यंत्राला मिळण्याच्या दोषाबद्दल ‘स्विच’च्या अनेक ग्राहकांनी तक्रारी केल्या. अमेरिकेत जुलै २०१९ मध्ये या संदर्भात सामूहिक दावा दाखल झाला आणि त्यात पुढे ‘लाइट’चाही समावेश करण्यात आला. जून २०२० मध्ये फुरुकावा यांनी जॉय-कॉनमुळे ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. मूळ यंत्रातील नादुरुस्त कंट्रोलर काढून दुसरा लावता येतो व तोवर खेळ चालू राहतो. ‘लाइट’मध्ये तो यंत्राचाच भाग असल्याने संपूर्ण यंत्र दुरुस्तीला द्यावे लागते. सुटा भाग जोडून टाकल्याने उत्पादनाचा खर्च वाचतो, पण बिघाडाचा भार ग्राहकाकडे सरकतो, ही बाब किमतीच्या चर्चेत सहसा येत नाही.

‘स्विच २’च्या छोट्या आवृत्तीचा प्रश्न

‘स्विच २’ची किंमत प्रकाशनाच्या वेळी अमेरिकेत ४४९.९९ डॉलर होती. त्याचा पडदा ७.९ इंची असून जॉय-कॉनसह वजन सुमारे ५३५ ग्रॅम, म्हणजे ‘लाइट’च्या जवळपास दुप्पट आहे. लहान मुलाच्या हातांना हे यंत्र जड आहे आणि मुलाचे पहिले यंत्र म्हणून त्याची किंमतही जास्त आहे. त्यामुळे छोट्या आवृत्तीची मागणी २०१९ पेक्षा आज अधिक सयुक्तिक ठरते. तथापि, २०२५ अखेरपर्यंत कंपनीने अशा कोणत्याही यंत्राची घोषणा केली नव्हती.

तांत्रिक परिस्थिती मात्र तितकी अनुकूल नाही. ‘स्विच २’ची बॅटरी ५,२२० मिलिअँपिअर-तास क्षमतेची असूनही खेळण्याचा अवधी दोन ते साडेसहा तासांचा आहे. एवढ्या मोठ्या बॅटरीसह ही स्थिती असेल, तर लहान बॅटरीचे यंत्र आजच्या चिपवर उभे राहणे कठीण आहे. २०१९ प्रमाणेच आधी चिप सुधारावी लागेल. याशिवाय ‘स्विच २’चे जॉय-कॉन सपाट पृष्ठभागावर ठेवून संगणकाच्या माऊसप्रमाणे वापरता येतात. त्या सोयीवर आधारलेल्या गेम जसजशा वाढतील, तसतसे कंट्रोलर यंत्रातच बसवणे अवघड होत जाईल.

किमतीच्या बाबतीतही जुना ठोकताळा लागू पडेलच असे नाही. पूर्वी कन्सोल जुना होत गेला की त्याची किंमत उतरत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये निन्टेन्डोने अमेरिकेत मूळ ‘स्विच’ मालिकेचे दर वाढवले. सहा वर्षे जुना झालेला ‘लाइट’ त्यामुळे १९९.९९ वरून २२९.९९ डॉलरवर गेला. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून वाढलेल्या मागणीमुळे स्मृती-चिपचे दर जगभर चढले. ‘स्विच २’मध्ये १२ गिगाबाइट स्मृती आहे आणि जुन्या गेम चालवायच्या असल्याने छोट्या आवृत्तीत त्यात कपात करता येणार नाही.

युरोपीय संघाचा बॅटरीविषयक नियमही येथे लक्षात घ्यावा लागेल. १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, हातात वापरायच्या उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता व बदलता येणे तेथे बंधनकारक होत आहे. चिकटवून बसवलेल्या बॅटरीपेक्षा काढता येणाऱ्या बॅटरीला अधिक जागा लागते. यंत्र लहान करण्याच्या प्रयत्नात ही अडचण असली, तरी दीर्घकाळ वापरणाऱ्या ग्राहकाचा त्यात लाभ आहे.

छोट्या ‘स्विच २’विषयीची पुढील कोणतीही बातमी पारखताना त्यामुळे काही मोजक्या बाबी पाहणे पुरेसे ठरेल. यंत्रातील चिप नव्या प्रक्रियेने बनू लागली आहे काय, आजवर विकल्या गेलेल्या गेम त्यावर चालणार आहेत काय, कंट्रोलर सुटा राहणार आहे काय, आणि तो बिघडल्यास दुरुस्तीची सोय काय, यांचा त्यात समावेश होतो. २०१९ मध्ये शंभर डॉलर वाचले ते टीव्हीची जोडणी आणि सुटे कंट्रोलर सोडून दिल्यामुळे. ज्या मुलाला गाडीत किंवा अंथरुणात पडून एकट्यानेच खेळायचे होते, त्याला हा व्यवहार फायद्याचा होता. ज्या कुटुंबाला दिवाणखान्यात एकत्र खेळायचे होते, त्याला मूळ यंत्रच परवडणारे होते.